विजेचा सांधा : लहान वस्तू, मोठा भार



महाराष्ट्रातील मतदान केंद्रांची यादी ज्या केंद्रापासून सुरू होते ते मणिबेली हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी आहे. राज्यातील लोकसभा मतदारसंघांत नंदुरबारचा क्रमांक पहिला, विधानसभा मतदारसंघांत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला आणि त्या मतदारसंघातील पहिले केंद्र मणिबेलीचे. मतदान पथकाला तेथे सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बोटीने जावे लागते. पथकासोबत जाणाऱ्या पेटाऱ्यांत तीन यंत्रे असतात : बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट आणि कंट्रोल युनिट. ही तीन यंत्रे दोन केबलींनी एकमेकांस जोडावयाची असतात. केबलीचे टोक नीट बसले नाही, तर कंट्रोल युनिटच्या पडद्यावर जोडणीतील दोष दर्शविणारी सूचना उमटते आणि काम पुढे सरकत नाही. नागरिकाचा घटनादत्त हक्क अशा वेळी बोटभर लांबीच्या एका सांध्यावर अवलंबून असतो.

या सांध्यास व्यवहारात ‘कनेक्टर’ म्हणतात. घरातील प्लग, मोबाइलच्या चार्जरचे टोक, सौरपंपाच्या पॅनेलखालील काळे जोड, वजनकाट्यातून निघालेल्या वायरीचे टोक ही सारी त्याचीच रूपे होत. यंत्र खरेदी करताना मोटार किती शक्तीची, पॅनेल किती वॅटचे, पडदा केवढा याची चौकशी होते. सांध्याची चौकशी सहसा होत नाही. वस्तुतः ज्या ठिकाणी धातूचा अखंड मार्ग तुटतो आणि केवळ स्पर्शाने पुन्हा जोडला जातो, ते ठिकाण संपूर्ण यंत्रणेत सर्वांत दुबळे असते. हा सांधा कसा घडविला जातो आणि गावपातळीवर तो कसा सांभाळावा, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

स्पर्श म्हणजे काय?

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते सातपुड्याच्या रांगांसारखे उंचसखल असतात. एका पृष्ठभागाची शिखरे दुसऱ्याच्या शिखरांना जेथे टेकतात तेवढ्याच ठिपक्यांतून वीज पार होते. दिसणारे क्षेत्र मोठे असले, तरी खरा स्पर्श त्याच्या अत्यल्प भागातच घडतो. विजेला एका अरुंद खिंडीतून जावे लागते आणि तेथे तिला अडथळा होतो. हा अडथळा कमी करावयाचा, तर पृष्ठभाग एकमेकांवर पुरेशा जोराने दाबले गेले पाहिजेत. यास्तव कनेक्टरचा आत्मा म्हणजे त्यातील स्प्रिंग होय.

सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पिनेवर साधारणतः ५० ते १०० ग्रॅम वजनाइतका दाब असावा लागतो. कथिलाचा मुलामा असेल, तर किमान १०० ग्रॅम. हा दाब यंत्राच्या साऱ्या आयुष्यभर टिकला पाहिजे. शुद्ध तांबे विजेचे उत्तम वाहक आहे. परंतु ते मऊ असल्याने स्प्रिंग म्हणून लवकर सैल पडते. पितळ स्वस्त आणि बऱ्यापैकी वाहक, पण उष्णतेत त्याचा ताण ओसरतो. फॉस्फर ब्राँझ आणि बेरिलियम मिश्रित तांबे यांची वाहकता शुद्ध तांब्याच्या तुलनेत बरीच कमी असली, तरी त्यांची लवचिकता दीर्घकाळ टिकते. वाहकता, ताण आणि किंमत या तिन्हींचा मेळ घालणे ही आराखडाकाराची पहिली कसोटी.

दाब वाढवीत नेणे हाही उपाय नव्हे. एका पिनेला खोबणीत शिरण्यास ६० ग्रॅम जोर लागत असेल, तर २५ पिनांच्या कनेक्टरला दीड किलो जोर लागेल. त्याहून अधिक जोर लागू लागला, की वापरणारा माणूस कनेक्टर तिरका रेटतो आणि पिना वाकतात. शिवाय प्रत्येक जोडणीत मुलामा थोडा घासला जातोच. म्हणून किती वेळा जोडावयाचे, हे आधी ठरवूनच कनेक्टर घडविला जातो. संगणकाच्या नेहमीच्या चौकोनी यूएसबी टोकाची मूळ प्रमाणित मर्यादा १,५०० वेळा जोडण्याची होती. मोबाइलसाठी पुढे आलेल्या मायक्रो यूएसबीची आणि सध्याच्या सी प्रकारच्या टोकाची मर्यादा १०,००० आहे. मायक्रो यूएसबीत झिजणारी स्प्रिंग फोनच्या खोबणीत न ठेवता केबलीच्या टोकात ठेवण्यात आली. झीज अटळच आहे, तर ती महाग फोनाची न होता स्वस्त केबलीची व्हावी, हा त्यामागील विचार.

सोने कशासाठी?

धातूवर हवेने चढणारा पापुद्रा हा सांध्याचा दुसरा शत्रू. तांबे काळवंडते, लोखंड गंजते, ॲल्युमिनियमवर तर क्षणार्धात कठीण, वीजरोधक थर बसतो. जेथे दाब अधिक आणि विजेचा दाबही अधिक, तेथे हा पापुद्रा फुटून वाट मोकळी होते. परंतु जेथे वीज हजारांश व्होल्टच्या प्रमाणात वाहते, तेथे पापुद्रा फोडण्याचे बळ तिच्यात नसते. अशा ठिकाणी न गंजणारा धातू हवा. म्हणून पिनेवर प्रथम निकेलचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा देतात. चांगल्या प्रतीच्या कनेक्टरवर सोन्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, सुमारे पाऊण मायक्रॉन असतो. म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढा. खालचे निकेल तांब्याला वर झिरपू देत नाही.

येथे एक सूचना महत्त्वाची. गंजलेला खिळा कागदाने घासून स्वच्छ करण्याची सवय सर्वांना असते. हाच उपाय सोनेरी पिनांवर केल्यास तो पाऊण मायक्रॉनचा थर दोन फटक्यांत निघून जातो आणि सांधा कायमचा बिघडतो. सोनेरी पिना कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने अथवा त्या कामासाठीच असलेल्या द्रवाने पुसाव्यात. पॉलिश पेपर त्यांना लावू नये.

कथिल स्वस्त असल्याने त्याचा मुलामा फार प्रचारात आहे. त्याचा दोष असा, की सांधा किंचितही हलत राहिला, तर प्रत्येक हालचालीगणिक नवा पापुद्रा तयार होऊन त्याची काळी भुकटी स्पर्शबिंदूंत साचते. ही हालचाल डोळ्यांना दिसतही नाही. जीपमधून घाटरस्त्याने नेलेले यंत्र मुक्कामी पोहोचल्यावर ‘काल चालत होते, आज चालत नाही’ असे वागते, तेव्हा असा हललेला सांधा हे एक संभाव्य कारण असते. सोन्याची पिन आणि कथिलाची खोबण अशी जोडी लावणेही याच कारणास्तव वर्ज्य मानले जाते.

वजनकाटा : न्यायाचा प्रश्न

नंदुरबारची मिरची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. मिरची असो, कापूस असो वा स्वस्त धान्य दुकानातील तांदूळ असो, तो आता बहुतांशी इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलला जातो. या काट्याच्या पोटात धातूचा एक ठोकळा असतो. वजनाने तो किंचित वाकतो आणि त्यावर चिकटविलेल्या सूक्ष्म तारांचा विद्युत्‌रोध बदलतो. ठोकळ्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण वजनावर त्यातून साधारणतः १० मिलिव्होल्टचा संदेश निघतो. काटा १०० किलोचा असेल, तर एका किलोच्या वाट्यास व्होल्टचा केवळ दहाहजारावा भाग येतो. एवढ्या क्षीण संदेशास वाटेत गंजलेली पिन आडवी आली, तर काय होते?

हिशेब सोपा आहे. अशा ठोकळ्याचा विद्युत्‌रोध बहुधा ३५० ओहम असतो. त्याला वीज पुरविणाऱ्या वायरीच्या सांध्यात एका ओहमची भर पडली, तर ठोकळ्यास मिळणारा दाब सुमारे ०.२८ टक्क्याने घटतो आणि १०० किलो मालाचे वजन जवळजवळ पावणेतीनशे ग्रॅमने कमी दिसते. तोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, काट्याला कोणी हातही लावलेला नसतो. तरी माल विकणाऱ्याचे नुकसान होते. यावर अभियंत्यांनी उपायही काढला आहे. चांगल्या काट्यांत चारऐवजी सहा वायरी असतात. जास्तीच्या दोन वायरी ठोकळ्यापाशी प्रत्यक्ष किती दाब पोहोचला हे मोजून कळवितात आणि यंत्र तेवढी दुरुस्ती आपणहून करते. काटा खरेदी करताना हा तपशील विचारणे आणि वैधमापन विभागाची पडताळणी मुदतीत करून घेणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत.

चुकीस वाव न ठेवणारा आराखडा

कनेक्टर घडविताना तो कोणाच्या हाती पडणार, याचा विचार सर्वांत मोलाचा. तीन पिनांच्या घरगुती प्लगचे उदाहरण घ्यावे. भारतीय मानक १२९३ प्रमाणे त्याची अर्थिंगची पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते. लांब असल्याने प्लग घालताना ती प्रथम जोडली जाते व काढताना शेवटी सुटते. म्हणजे वीज येण्यापूर्वीच संरक्षण सिद्ध झालेले असते. जाड असल्याने ती विजेच्या छिद्रात शिरत नाही. प्लगमधील तिसरी वायर न जोडणारा किंवा दोनच पिनांचे टोक कसेबसे खुपसणारा मनुष्य हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकीत असतो.

हेच तत्त्व इतरत्र दिसते. यूएसबीच्या टोकात वीज वाहणारे दोन पट्टे लांब आणि माहिती वाहणारे दोन आखूड असतात. १९५२ साली अमेरिकेतील कॅनन कंपनीने काढलेल्या कनेक्टरचे कवच इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचे होते. त्यामुळे तो उलटा बसणे अशक्य झाले.

टेंभली या शहादा तालुक्यातील गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, तेव्हापासून नोंदणीचे संच खेडोपाडी फिरले. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि छायाचित्र टिपणारी वेगवेगळी उपकरणे एका संगणकास जोडली जातात. प्रत्येक उपकरणास निराळा सांधा असता, तर ही कामे इतक्या सुलभतेने पार पडली नसती. प्रमाणित सांध्यामुळे भिन्न कारखान्यांची यंत्रे एकत्र नांदू शकतात.

मतदान यंत्राच्या केबलीतही हा विचार पुरेपूर उतरला आहे. बंगळूरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या दोन सार्वजनिक उपक्रमांनी ही यंत्रे बनविली. १९८२ च्या मे महिन्यात केरळमधील परूर मतदारसंघातील ५० केंद्रांवर त्यांचा प्रथम वापर झाला. केबलीचे एक टोक बॅलट युनिटला कायमचे जोडलेले असते. त्यामुळे केबल हरवण्याचा अथवा भलतीच लावण्याचा प्रश्न उरत नाही. दुसरे टोक एकाच बाजूने बसते. त्याच्या दोन्ही अंगांस स्प्रिंगच्या कळी असतात. त्या दोन्ही एकाच वेळी आत दाबल्याखेरीज जोड सुटत नाही. केबलीला कोणाचा पाय अडकला, तरी मतदान खंडित होऊ नये, हा यातील हेतू. पथकातील शिक्षकांनी तीन गोष्टी पाळाव्यात : जोडताना व सोडताना कंट्रोल युनिट बंद ठेवावे, टोक जोराने न रेटता दिशा पाहून बसवावे, आणि सोडताना केबल न ओढता कळी दाबून कवचास धरावे.

सर्किट बोर्डावरील सांधा

यंत्राच्या आत, सर्किट बोर्डावर बसणाऱ्या कनेक्टरची अडचण निराळी असते. त्याच्या पिनांना बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर डाख दिलेला असतो. डाख हा विजेचा उत्तम जोड आहे, पण ओढाताण सोसणारा आधार नाही. बाहेरून केबल हिसकली गेली, तर तो ताण डाखावर येऊन बारीक तडा जातो. यास्तव चांगल्या कनेक्टरला बोर्डात रुतणाऱ्या धातूच्या खुंट्या किंवा पेटीच्या भिंतीस आवळणारे स्क्रू असतात. ओढ त्यांनी सोसावी आणि डाखाने केवळ वीज वाहावी, अशी ही श्रमविभागणी. केबलीच्या बाजूसही रबरी गळा किंवा पकड असते. यंत्र उघडून पाहताना ही पकड ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकणे हा मोठाच प्रमाद होय.

पिनांमधील अंतरही पुष्कळ विचारांती ठरते. इंचाच्या दहाव्या भागाचे, म्हणजे २.५४ मिलिमीटरचे अंतर अनेक वर्षे प्रमाण मानले गेले. आता यंत्रे लहान झाल्याने हे अंतर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी झाले आहे. अंतर जितके कमी, तितके ओलसर धुळीस दोन पिनांमध्ये पूल बांधणे सोपे. उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जाणारा पारा, शेतरस्त्यांची धूळ आणि त्यानंतर नवापूर-अक्राणीचा पाऊस या क्रमात यंत्र वापरावयाचे असेल, तर थोड्या ऐसपैस पिना आणि रबरी कडे असलेले कवच हेच श्रेयस्कर.

सौरपंपाचा जोड

२०१९ साली सुरू झालेली केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ पासूनची राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे शेतोशेती पॅनेल उभी राहिली आहेत. पॅनेलांच्या रांगेतून काही शे व्होल्टची एकदिश वीज वाहते. ही वीज घरगुती विजेपेक्षा एका बाबतीत अधिक धोक्याची आहे. घरगुती वीज दर सेकंदास १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझण्यास संधी मिळते. एकदिश वीज शून्यावर येतच नाही. पंप चालू असताना जोड ओढला, तर ठिणगीचा अखंड लोळ पेटतो, प्लास्टिक वितळते आणि हात भाजतो. म्हणून प्रथम पंप आणि नंतर पॅनेलकडील मुख्य खटका बंद करावा. त्यानंतरच प्रशिक्षित कारागिराने जोडास हात लावावा.

सांध्याचा अडथळा येथे आग बनून प्रकट होतो. वायरीतून ८ अँपिअर वीज वाहते असे धरू. चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या दोनहजाराव्या भागाएवढा असतो. त्यात उष्णतेच्या रूपाने वॅटचा तिसावा भागही वाया जात नाही. तोच रोध गंजाने अथवा सैलपणाने अर्ध्या ओहमवर गेला, तर ३२ वॅट उष्णता त्या अंगठ्याएवढ्या जोडात साचते. डाख देण्याचे नेहमीचे साधन २५ वॅटचे असते, हे ध्यानात घेतल्यास परिणामाची कल्पना येईल.

असा बिघाड मुख्यतः तीन कारणांनी होतो. पहिले, वायरीवर धातूची नळी योग्य साच्याने न दाबता साध्या पकडीने चेपणे. योग्य साच्याने दाबलेल्या नळीत तारा इतक्या घट्ट बसतात, की आत हवाही शिरत नाही. पकडीने चेपलेल्या नळीत पोकळ्या राहतात. दुसरे, वेगवेगळ्या कारखान्यांचे दिसायला सारखे जोड एकमेकांत बसविणे. ते बसतात, ‘टक्’ असा आवाजही येतो. परंतु मापातील सूक्ष्म फरक आणि मुलाम्यातील भेद कालांतराने बाधतो. तिसरे, जोड तोडून वायरी पिळणे आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळणे. उन्हाने पट्टीचा चिकटपणा जातो आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरते.

गावपातळीवरील कर्तव्ये

अधिकारीवर्गाने खरेदीच्या अटींत सांध्याचा स्वतंत्र उल्लेख करावा. मुलामा कोणता, किती वेळा जोडण्याची हमी, धूळपाण्यापासून संरक्षणाचा दर्जा कोणता, केबलीस पकड आहे काय, आणि बदली कनेक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो काय, या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. कनेक्टर बनविण्याचे ज्ञान राज्याबाहेरून आणावे लागेल असेही नाही. पुण्याजवळ भोसरी येथे संरक्षण व उद्योगांसाठीचे कनेक्टर, तर डोंबिवलीस वायरी आवळण्याची टर्मिनले तयार होतात.

पंचायत सदस्यांनी मृगापूर्वी एक पाहणी करावी. पथदिव्यांच्या पेट्या, पाणीपुरवठ्याचा पंप, शाळेची व आरोग्य उपकेंद्राची सौर यंत्रणा या ठिकाणी केबल पेटीत खालून शिरते ना, हे पाहावे. वरून शिरत असल्यास तिला अगोदर खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळातून टपकून जाईल. जोड जमिनीवर अथवा पत्र्यावर लोळत ठेवू नये. स्पर्शास गरम लागणारा प्लग, पिवळसर पडलेले प्लास्टिक आणि जळका वास ही तीन लक्षणे दिसताच वायरमनला बोलवावे.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. दीड व्होल्टचे दोन सेल, एक लहान दिवा आणि दोन गंजके खिळे एवढे साहित्य पुरे. खिळे एकमेकांस नुसते टेकवून दिवा लावावा, नंतर दाबून धरावेत, मग घासून पुन्हा टेकवावेत. दिव्याच्या उजेडातील फरक पाहून दाब आणि स्वच्छता या सांध्याच्या दोन आधारस्तंभांचा बोध विद्यार्थ्यांस होतो. हा प्रयोग सेलवरच करावा. घरगुती विजेवर मुळीच करू नये.

१ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या काळात मतदान, शिधा, ओळख, पाणी आणि प्रकाश या प्रत्येक सेवेत इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. दुर्गम पाड्यावर बंद पडलेल्या यंत्राचा अर्थ शहरातल्यापेक्षा निराळा असतो. तेथे दुरुस्तीचे दुकान कोपऱ्यावर नसते आणि एका सैल पिनेपायी एखाद्या कुटुंबाची दिवसभराची मजुरी बुडू शकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तरुणांना जोड दाबण्याचे योग्य साचे व थोडे सुटे कनेक्टर यांसह तयार केले, तर प्रत्येक तालुक्यात ही दुरुस्ती त्याच दिवशी होऊ शकेल. त्यासाठी लागणारा खर्च यंत्रांच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. त्यावाचून होणारी हानी मात्र ज्यांना ती सोसवत नाही त्यांच्याच पदरी पडते.